कुठंही पाठवलं तरी

गेटवरचं यंत्र लाल झालं आणि रंभाबाई हसली. राहिलला धक्का बसला तो त्या हसण्याचा. लाल दिवा त्याला नवा नव्हता. ऑफिसात बसून तो गेले काही दिवस तोच बघत होता, पण तिथं त्याचा नुसता आकडा व्हायचा, रकान्याखाली रकाना. इथं त्या आकड्याला कपाळावर गोंदण होतं, अंगात मुलाचा जुना स्वेटर होता आणि हातात डब्याची पिशवी होती. मुळशीतल्या माण गावच्या सकाळच्या धुक्यात टॉवरच्या वरचे मजले दिसतच नव्हते. खाली गेटपाशी कामाच्या बायका एकीमागं एक तटलेल्या. रंभाबाई सगळ्यांत पुढं. "आरं, रोज बघतोयास की माझं थोबाड," ती वॉचमनला म्हणाली. "मावशी, मशीन नहीं बोल रहा," तो पोरगा म्हणाला. तो बिहारकडचा होता, थंडीनं कान झाकून घेतलेले. "मशीन न्हाई बोलत, तर तू बोल की. तुला दिलंय नव्हं तोंड देवानं?" मागच्या बायका खिदळल्या. रंभाबाईही हसली. ज्या मातीत तिनं गुडघाभर चिखलात उभं राहून तीस पावसाळे भाताची आवणी केली, त्या मातीवर उभारलेल्या दारात, परक्या मुलखातल्या पोरापुढं, आपण आपणच आहोत हे पटवता येईना म्हणून ती हसत होती. चिडली असती तर राहिलला सोपं गेलं असतं. तो मान खाली घालून सटकणार तेवढ्यात तिनं त्याला हेरलं. "ए राहिल्या! तुमच्याच कंपनीचं यंत्र हाय ना रं ह्ये? सांग की त्याला, म्हनावं ही रंभा हाय." "बघतो काकी," तो पुटपुटला. "बघ बाबा. बाई म्हनतीया, उद्याच्याला न्हाई आलीस तर दुसरी बघते."

तो चालत सुटला. रस्ता कंपनीच्या बसगाड्यांनी तुंबलेला. रंभाबाईला त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, पण खरंही सांगितलं नव्हतं. बघायचं काही उरलंच नव्हतं. यंत्र का नाकारतंय हे त्याला पाठ होतं. बाई गेटवर फोन दाखवते, तिथून एक विनंती निघते, ती आधी राहिलच्या कंपनीच्या प्रॉक्सीकडं येते. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस, निरोप्या. तो ती विनंती सोसायटीच्या सर्व्हरकडं घेऊन जातो, आणि तिच्या सोबत एक हेडर असतं, परवानगीचं. ही अमुक बाई, ही तिची चावी, हिला आत घ्या. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग सोसायटीच्या कमिटीनं यंत्रणा दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि जुना सर्व्हर आल्या-गेल्याला सांगायला लागला की आता इथं नाही, तिकडं जा. याला रिडायरेक्ट म्हणतात. प्रॉक्सी बिचारा सांगितल्या पत्त्यावर जातो, पण दुसऱ्या घराकडं वळताना हेडर वाटेतच टाकून देतो. चुकून नाही, मुद्दाम. ज्यांनी हे प्रोग्राम लिहिले त्यांचे हात कधीतरी पोळले असणार. एका घरासाठी दिलेली चावी, केवळ त्या घरानं बोट दाखवलं म्हणून, दुसऱ्या घरात दाखवायची नाही. त्यामुळं विनंती नव्या दारात पोचते ती रिकाम्या हातानं. दार विचारतं, तू कोण? तिच्याकडं उत्तर नसतं. मग लाल.

"एका ओळीचं काम आहे, राहिल," त्याची टीम लीड स्नेहल म्हणाली. कोथरूडची, हुशार, कधी आवाज न चढवणारी. "कुठंही पाठवलं तरी हेडर सोबत ने, असं सेटिंग आहे. ऑन कर. तू तीन दिवस काय विचार करतोयस?" तो म्हणाला, कुठंही म्हणजे कुठं हे कुणी सांगेना. नवा सर्व्हर पुढं तिसरीकडं पाठवतो, तो पत्ता कुणाचा हे सोसायटीच्या पियूष मॅनेजरला माहीत नाही, तो म्हणतो कमिटीला विचारा, कमिटी म्हणते पियूषला विचारा. "कुठले पत्ते आपले ते ठरवू, तेवढ्यांनाच चावी देऊ. सोमवारपर्यंत थांबा." "सगळं एचटीटीपीएस आहे ना? एन्क्रिप्टेड आहे ना? मग?" "रस्ता सुरक्षित आहे मॅडम. रस्त्यात कुणी लुटणार नाही. पण ज्या घरात जातोय ते घर—" "राहिल, प्लीज, फिलॉसॉफी नको. सोमवारपर्यंत त्या बायकांनी काय करायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. तिला तो पडला होता सोसायटीनं कंत्राट मोडू नये म्हणून, एवढंच. पण बरोबर प्रश्न चुकीच्या माणसानं विचारला तरी तो बरोबरच राहतो आणि जास्त टोचतो. तो जागेवर येऊन बसला. काचेबाहेर धुकं विरलं होतं, जांबे गावाच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे दिसायला लागले होते.

रिडायरेक्ट त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. खोली शोधताना तो स्वतःच दारोदार पाठवला गेला होता. पौडच्या घरून रोजची एसटी परवडेना वेळेला, म्हणून माणमध्ये खोली बघायला आला. भिवाजी नावाच्या मालकानं आधी चहा सांगितला, मग आडनाव विचारलं. मुलाणी म्हटल्यावर चहा आलाच नाही. "खोली आत्ताच गेली बगा. जांब्याला आमचं मेव्हणं हायेत, त्यांच्याकडं जावा. माजं नाव सांगा." तो जांब्याला गेला, भिवाजीचं नाव सांगितलं. मेव्हणा दातात काडी घालत म्हणाला, "भिवाजी व्हय? हाय की वळखीचा. पर मला काय बोल्ला न्हाई." आणि त्यानं आणखी पुढचं घर दाखवलं. प्रत्येक दारात मागच्या दाराचं नाव गळून पडत होतं आणि आडनाव तेवढं शिल्लक राहत होतं. संगणकाची डिग्री आणि नोकरीचं पत्र घेऊन हा पोरगा, ज्याच्या सात पिढ्या याच मुळशीत पुरल्या, दुपारभर भाडेकरूच्या लायकीचा आहे का हे सिद्ध करत फिरला. दारं लावणारे वाईट नव्हते, भजनाला जाणारे, पाहुण्याला पाणी देणारे होते. याचाच तर राग येतो. संध्याकाळी तो माणच्या टपरीवर बसला तेव्हा रंभाबाईनं त्याचं नाक ओळखलं. "पौडच्या मुलाण्याचा रं तू?" सगळं ऐकल्यावर ती उठली. तिनं नाव दिलं नाही, निरोप दिला नाही. ती त्याच्याबरोबर चालत गेली आणि भिवाजीच्या ओट्यावर उभी राहिली. "भिवा, ह्यो बाबालाल मुलाण्याचा नातू. तुझ्या जावळाचं बोकड ह्याच्या आज्यानं कापलंय. उघड खोली." भिवाजीनं कुलूप काढलं, वर म्हणाला, "आसं आधी न्हाई का सांगायचं!"

हे आठवलं की त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्यामागोमाग बाबालालची सुरी यायची. ती आजही आली. डबा तसाच पडून होता, पडद्यावर लाल रकाने चढत होते, आणि त्याच्या डोळ्यांपुढं पितळी मुठीची ती सुरी. त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती, त्याच्या जन्माआधीच ती गेली होती, तरी मुठीचा गारवा त्याला तळहातात जाणवायचा. आजाला चारदोन गावांचा मान होता. जत्रेचं, नवसाचं, जावळाचं बोकड मुलाण्याच्या हातानंच कापायचं, त्याच्या तोंडच्या शब्दावर. मग पाटील असो की गुरव, त्याशिवाय मटण शिजत नसे. वाट्याला मुंडी आणि पाय यायचे आणि गावात शिरताना लोक रस्ता द्यायचे. एका जत्रेला आजा तापानं फणफणला. जांब्यात त्याचा चुलतभाऊ होता, हात बसलेला, पण मान बाबालालच्या घराचा. म्हणून ठरलं, हात चुलतभावाचा, सुरी बाबालालची. सुरी आली म्हणजे मुलाणी आला. पौडच्या कोंडिबानं ती फडक्यात गुंडाळून नेली. कोंडिबा सरळ माणूस. जांब्यातलं आटोपल्यावर लोक त्याला म्हणाले, पलीकडच्या वाडीवर नवसाचं बोकड खोळंबलंय, मुलाणी पोचला नाही, सुरी तिकडं जाऊ द्या. कोंडिबाला वाटलं, कुणाचा नवस कशाला अडवायचा. वाडीकडं निघालेल्या एकाच्या हातात त्यानं सुरी दिली. त्यानं आणखी कुणाला. वाडीत पितळी मूठ सगळ्यांच्या ओळखीची. फडकं सोडलं तसं लोकांनी रस्ता दिला. जो कोण होता त्यानं बोकड कापलं, मुंडी आणि पाय घेतले, आणि सुरीसकट निघून गेला.

त्यानं कलमा म्हटला नव्हता. मान अर्धवट कापून बोकड तडफडत ठेवलं होतं. हे नंतर कळलं, नवसवालीचं पोर तापानं गेल्यावर. पोर तापानं गेलं, बोकडानं नाही, हे राहिलला कळत होतं. त्या सालात मुळशी खोऱ्यात तापानं बरीच पोरं गेली. पण त्या पोराच्या आईला, गोजराबाईला, हे कोण सांगणार? ती बाई बाजारच्या दिवशी पौडला यायची. राहिल लहान होता, उंबऱ्यात गोट्या खेळायचा, त्यानं तिला खूपदा पाहिलं. ओरडायची नाही, शिव्या द्यायची नाही. दारासमोर उभी राहून आत बघायची आणि विचारायची, "बाबालाल, कोन आलं व्हतं रं?" आजा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला. आजी तिला पाणी द्यायची, ती ते प्यायची, तांब्या पालथा घालायची आणि निघून जायची. तिनं कधी म्हटलं नाही की तू मारलंस. तिला फक्त नाव हवं होतं. आणि आजापाशी नाव नव्हतं. कोंडिबापाशी एक होतं, त्याच्यापुढच्यापाशी दुसरं, त्यापुढं नुसता रस्ता. आजानं त्यानंतर एकही जनावर कापलं नाही. मान सोडला. घरात कुणी एखादी वस्तू शेजारी देऊन ये म्हटलं तरी तो अंथरुणातून ओरडायचा, "तू जा संगती! तू स्वतः जा!" आजा गेल्यावरही ती आली. राहिलचा बाप रफीक दारात उभा होता. तिनं त्यालाच विचारलं, तेच, त्याच आवाजात, जणू सुरीबरोबर उत्तरही वारशानं आलं असेल.

दुपार कलली. राहिलनं ते सेटिंग उघडून ठेवलं होतं. जिथं 'नाही' असं लिहिलेलं होतं, तिथं 'हो' करायचं, बस. त्यानं स्वतःला समजावलं की सुरी आणि चावी यात फरक आहे, हा हिशेब मांडणंच येडपटपणा आहे, शिकलेल्या माणसानं एका मेलेल्या पोराच्या आईला सर्व्हरमध्ये शिरू देऊ नये. पियूषला त्यानं पुन्हा फोन लावला. "साहेब, मी सांगतो ना, वरूनच आलंय ते. तुम्ही एवढं खोलात का जाताय?" वरून. या पट्ट्यात सगळं वरूनच येतं. जमिनीच्या नोटिसा वरून आल्या, टॉवर वरून आले, आता पत्तेही वरून, आणि वर कुणीच बसलेलं नसतं. पण डोळ्यांपुढून ते हसणं जाईना. उद्या ती पुन्हा तिथं उभी राहणार, पुन्हा हसणार, आणि परवा तिच्या जागी दुसरी बाई. ज्या बाईनं त्याच्यासाठी निरोप न धाडता पाय झिजवले, तिला तो पत्त्यांची तपासणी व्हायची आहे म्हणून दारात उभी ठेवणार. त्यानं 'हो' केलं. पडदा क्षणभर थिजला आणि मग रकाने हिरवे व्हायला लागले, पावसाळ्यात बांध हिरवा व्हावा तसे, वरपासून खालपर्यंत. स्नेहलनं टाळ्यांचं चित्र पाठवलं. राहिल स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

ऊन उतरायच्या आत तो घरी आला. रंभाबाईचं घर त्याच्या खोलीला लागूनच, गावठाणातलं. जमीन गेली तेव्हा एवढंच वाचलं. ती ओट्यावर पाय पसरून पावटे सोलत बसली होती. "ये. लागलं बाबा तुजं यंत्र. दुपारच्याला गेले तर हिरवं फाक झालं. भांडी घासली, आले." तिनं शेंगांची पाटी त्याच्याकडं ढकलली. तो सोलायला बसला. शेंग बोटाखाली फुटायचा आवाज, हिरवा वास. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या छातीतली घडी उलगडली. तिचा मुलगा किशोर अजून चाकणहून आला नव्हता. तिचं बोलणं चालू होतं, तिच्या फ्लॅटवाल्या बाईबद्दल. शुभांगी मॅडम, चांगली बाई, पण विसरभोळी. मागं तिचं कानातलं हरवलं तेव्हा गेटवर सगळ्यांपुढं रंभाबाईची पिशवी उपसली होती, भाकरीचं फडकंसुद्धा झटकून बघितलं. कानातलं मग धुण्याच्या मशीनमध्ये निघालं. "मला सॉरी म्हनाली बरं का. विंग्रजीत." ती हसली. राहिलनं सवयीनं फोन काढून गेटच्या नोंदींचा लॉग उघडला. आपलं हिरवं बघायला.

सगळ्यांत वरची ओळ अशी होती : रंभाबाई, प्रवेश, गेट दोन. आत्ता.

त्याला वाटलं, दुपारची नोंद उशिरा चढली. त्यानं पडदा खाली ओढून सोडला. ओळ तिथंच होती, आणि तिच्याखाली दुपारची येण्याची, जाण्याची वेगळी होती. त्यानं समोर बघितलं. रंभाबाईच्या मांडीवर टरफलं होती. संध्याकाळचं ऊन तिच्या गोंदणावर पडलं होतं. त्यानं मागोवा काढायला सुरुवात केली. तिची चावी दुपारी सोसायटीकडं गेली, तिथून नव्या लोकांकडं, तिथून तिसऱ्या पत्त्यावर, ज्याला नाव असं नव्हतंच, अक्षरांची नुसती रांग. पुढचं काही दिसत नव्हतं. आत्ताचा प्रवेश त्या रांगेतून परत आला होता, म्हणजे तिथं कुणीतरी चावी ठेवून घेतली होती. गेट दोनवर संध्याकाळी वॉचमन नसतो, नुसतं यंत्र. आणि फ्लॅटचं दारही त्याच चावीनं उघडतं, शुभांगी मॅडमनंच तशी सोय करून घेतली होती.

"काकी, तुमी आत्ता कुटं हायसा?"

"डोळं गेलं का तुझं?"

"हितं आलंय, तुमी टॉवरात गेला."

"कवा?"

"आत्ता."

तिनं आणखी एक शेंग फोडली. "मी पावटं सोलतीया, आन मी टॉवरात बी हाय. लई कामाची झाले की रं मी." मग हात थांबला. "बाईचं घर बंद हाय. ती रातच्याला येती." तिनं त्याच्याकडं बघितलं आणि सकाळचं ते हसणं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. "आता काय गेलं तिचं, तर कुणाची पिशवी उपसतील?" राहिलनं तिथंच, ओट्यावर, ते सेटिंग परत 'नाही'वर आणलं. मग रंभाबाईची चावी रद्द केली. आता आत असलेल्याला गेट दोनमधून बाहेरही पडता येणार नाही, हे त्यानं तिला सांगितलं. आज हिरव्या झालेल्या बायका उद्या पुन्हा लाल होतील, ते आपण उद्या बघू, असं काहीसं तो मोठ्यानं बोलला असावा, कारण ती म्हणाली, "उद्याचं ऱ्हाऊ दे. चल. बघू तरी मी काय करतीया तितं."

चालता चालता त्यानं स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, लॉग जपून ठेव, गेटवर कुणाशी एक शब्द बोलू नकोस, मी वरच्यांशी बोलते, तोवर तू आणि ती बाई तिथं जाऊच नका. "ऐकतोयस ना? तुझं नाव येईल यात." तो ऐकत होता. पुढं रंभाबाई झपाझपा चालत होती, पदराला पावट्याचं टरफल चिकटलेलं. तिला थांबवणं शक्य होतं. माझ्यावर सोडा काकी, मी निरोप देतो, असं म्हणता आलं असतं. त्यानं फोन खिशात टाकला आणि पावलं उचलली.

वॉचमन तोच होता. त्यानं यंत्रात बघितलं आणि गोंधळला. "मावशी, आप तो अंदर हो."

"मी हितं हाय."

"मशीन में अंदर हो. जो अंदर है वो अंदर कैसे आएगा?"

"ती ही नाही," राहिल म्हणाला. "आत गेलंय ते दुसरं कुणीतरी. हिची चावी माझ्या हातून बाहेर गेली. दोन्ही गेटं बघ, एफ विंगमध्ये शुभांगी मॅडमच्या फ्लॅटवर माणूस पाठव, आणि त्यांना फोन लाव. मी सांगितलं म्हणून सांग. राहिल मुलाणी."

"मुलाणी?" पोरानं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं राहिलकडं नीट बघितलं. "पूरा नाम? रहते कहाँ हो? आयडी दिखाओ." राहिलनं ओळखपत्र काढून दिलं. ते हातात फिरवत पोरगा केबिनकडं वळला, वायरलेसवर कुणाशी तरी बोलू लागला. त्याच्या बोलण्यात रंभाबाईचं नाव एकदाही नव्हतं, राहिलचं दोनदा होतं. हे राहिलनं ऐकलं, रंभाबाईनंही ऐकलं. "ए पोरा," ती ओरडली, "त्याचं कशाला लिवून घेतोयास? त्यो तर हितं हाय. आत मी हाय, मला धर!" पोरानं हात केला, जरा थांबा म्हणून. रंभाबाई दोन पावलं मागं आली आणि जिथून गाड्या आत-बाहेर करतात तिथं मधोमध, फरशीवर, मांडी ठोकून बसली. मागं एक गाडी हॉर्न वाजवायला लागली. मग दुसरी.

"उठा काकी," राहिल म्हणाला. "पोलीस येतील."

"येऊ देत की," ती म्हणाली आणि पदर खोचून आतल्या रस्त्याकडं बघत राहिली. "मला भाईर पडायला ह्योच रस्ता हाय. आतली मी भाईर येस्तवर हालत न्हाई मी."

राहिल तिच्या शेजारी खाली बसला.